सायलेन्सर बदलायचाय? आधी बेंडाचं पॅकिंग बघ

खानापूरच्या एका पोराने विचारलंय. त्याची 2022 ची रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 आहे. रोज खानापूरहून बेळगावला उद्यमबागेत कामाला येतो, पावसाळ्यात दोस्तांबरोबर चोर्ला घाटात नाहीतर आंबोलीला जातो. कंपनीचा सायलेन्सर ‘लई मऊ’ वाटतो म्हणून बाहेरचा घालायचाय. दुकानदाराने त्याला सांगितलंय की दोन हॉर्सपॉवर वाढतील, ॲव्हरेज पडणार नाही, ट्यूनिंग लागत नाही, दहा मिनिटांचं काम आहे, घरीच बसव. शेवटी पोरगा विचारतो, ‘‘मामा, हे सगळं खरं काय? आणि पोलिस धरतात काय?’’

पोरा, दुकानदाराने सांगितलेल्या चार गोष्टींतली पहिली थाप आहे. दुसरी आणि तिसरी, सायलेन्सर कुठला आणि तो कसा बसवला यावर आहे. दहा मिनिटं त्याने बहुतेक नव्या गाडीवर, कोरड्या नटांवर मोजली असतील. खानापूरचे तीन पावसाळे खाल्लेला नट दहा मिनिटांत सुटत नाही. मी हे काम तीस वर्षं करतोय, ओतीव लोखंडाच्या इंजिनाची, उजव्या पायाला गिअर असलेली बुलेट होती तेव्हापासून. सायलेन्सर बदलला आणि गाडी बिघडली म्हणून जी गाडी माझ्या दारात येते, तिचा नवा सायलेन्सर बहुधा ठीकच असतो. बिघडलेला असतो तो बेंडाचा, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरपर्यंत येणाऱ्या वाकड्या नळीचा, जोड.

आधी ताकदीचं बोलू. तुझं इंजिन 349 सीसीचं. 6100 आरपीएमला 20.2 हॉर्सपॉवर, 4000 ला 27 न्यूटन-मीटर टॉर्क. बोअर 72 मिमी आणि स्ट्रोक 85.8 मिमी, म्हणजे लांब स्ट्रोकचं, सावकाश फिरणारं, खालून ओढणारं इंजिन. वीसात दोन म्हणजे दहा टक्के झाले. नुसती मागची नळी बदलून दहा टक्के मिळत असते तर कंपनीच्या लोकांनी ते तुझ्या दुकानदारासाठी सोडून ठेवले असते काय? आवाजाच्या नियमापायी त्यांनी थोडी ताकद सोडली असेल, खरं दोन हॉर्सपॉवर नाही. (आमच्या बेळगावी बोलण्यात ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याकडच्या वाचकांनी गोंधळू नये.) सायलेन्सर हलका असेल तर गाडीचं वजन थोडं उतरतं, आणि आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. बाकी जो काही फरक पडतो तो हाताला कळण्याएवढा नसतो.

याच्यावरून गॅरेजांत कायमचं भांडण आहे. एक म्हणतो बॅक प्रेशर पाहिजेच, दुसरा म्हणतो नळी मोकळी सोड, गाडी पळतेच. दोघेही अर्धे चुकतात. हुक्केरी-संकेश्वरकडे गुऱ्हाळाचं चुलवाण बघितलं असशील. चिमणी अरुंद बांधली तर धूर तोंडातून परत येतो, जाळ धुमसतो. वाजवीपेक्षा रुंद बांधली तर धूर आत निवतो, रेंगाळत चढतो, ओढ मरते. चुलवाणाला दाब नको असतो, ओढ पाहिजे असते. इंजिनाचं तसंच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की गरम वायूचा लोट सुसाट बाहेर पडतो, त्याच्या पाठीमागे दाब उतरतो, आणि तो उतरलेला दाबच सिलिंडरात राहिलेला उरलासुरला धूर खेचून काढतो. नळी फार रुंद झाली की लोटाचा वेग मरतो. मग वरच्या आरपीएमला कदाचित थोडं मिळतं, खालचं मात्र जातं. आणि तू गाडी 5500 वर किती वेळ चालवतोस? चोर्ल्यात मागे माणूस बसवून तिसऱ्या गिअरवर गप चढणारी गाडी मोकळ्या नळीवर त्याच वळणाला दुसरा गिअर मागते. आवाज मात्र विमान उडाल्यासारखा येतो.

आता आवाजाचं, कारण तुला तोच पाहिजे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. चार स्ट्रोकचं एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. 1000 आरपीएमला मिनिटाला 500 वेळा, म्हणजे सेकंदाला आठ धक्के. एवढे कानाला सुटे सुटे कळतात. लोक ज्याला ‘फायरिंग’ म्हणतात ते हेच. जुन्या बुलेटची फायरिंग गोड लागायची ती जड फ्लायव्हील आणि सावकाश आयडलिंगमुळे, सायलेन्सरचं श्रेय त्यात थोडंच. 3000 आरपीएमला हेच धक्के सेकंदाला 25 होतात. हा अगदी खालच्या पट्टीतला, जाडा आवाज. तो दाराच्या फटीतून आत येतो, कपाटाची काच हलवतो.

जाडा आवाज मारायचा तर पोकळी मोठी लागते. म्हणून कंपनीचा सायलेन्सर लांब आणि जड असतो. आत कप्पे असतात, वायू एकातून दुसऱ्यात वळत जातो, आवाजाच्या लाटा भिंतीवर आपटून परत येतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. बाहेरच्या आखूड सायलेन्सरांत बहुतेक वेळा एक भोकाभोकांची सरळ नळी, म्हणजे जाळी, आणि तिच्याभोवती कोंबलेलं ग्लासवूल, एवढंच असतं. ग्लासवूल चिरका आवाज छान खातं. जाडा आवाज त्याला जुमानत नाही. त्यामुळे असा सायलेन्सर नवा असताना घुमतो, वर्ष-दीड वर्षात वूल जळून तोंडावाटे उडून गेलं की तोच फुटक्या डब्यासारखा वाजतो. इंदोरी, पंजाबी, गोल्डस्टार, शॉर्ट बॉटल अशी नावं बाजारात फिरतात. नावावर जाऊ नको, एकाच नावाने पाच कारखान्यांचा माल मिळतो. दुकानात एका टोकाने मोबाईलचा टॉर्च मार आणि दुसऱ्या टोकाने डोळा लाव. आरपार उजेड दिसला तर आत कप्पे नाहीत. मग हातात घेऊन तोल, अंगावर टिचकी मार. पातळ पत्रा टणटण वाजतो, जाड पत्रा ठक्क म्हणतो. माझं मत विचारशील तर कप्प्यांचा किंवा निदान घट्ट बसणारा डीबी किलर असलेलाच घे, आणि कंपनी स्वतःच्या ॲक्सेसरीत तुझ्या मॉडेलला काही देत असेल तर आधी तो ऐकून ये. डीबी किलर म्हणजे तोंडाशी बसणारी आवाज मारायची नळी. ती एका स्क्रूवर असते आणि पोरं पहिल्याच दिवशी काढून डिकीत टाकतात. ती काढायचीच असेल तर विकत कशाला घ्यायची?

डेसिबलचा हिशेब एकदा नीट डोक्यात घे. तो साध्या बेरजेचा नाही. 3 डेसिबल चढले की ध्वनीची शक्ती दुप्पट होते, आणि 10 चढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातून बाहेर पडताना 80 डेसिबलची मर्यादा आहे, 2003 पासून. म्हणजे 90 हा ‘जरा जास्त’ नव्हे. मोबाईलच्या ॲपने नळीच्या तोंडाशी मोजलेला आकडा मात्र या 80 शी ताडू नको. ती मोजणी गाडी जोर घेत पुढून जाताना साडेसात मीटरवरून करतात.

ट्यूनिंग. कार्बोरेटर होता तेव्हा सोपं होतं. सायलेन्सर मोकळा केला की मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एक नंबर वाढवायचा, स्क्रू पाव फेरी फिरवायचा, पन्नास किलोमीटर चालवून प्लगचा रंग बघायचा. विटकरी आला की झालं. आता बेंड पाईपवर ऑक्सिजन सेन्सर आहे. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो आणि ईसीयू पेट्रोल कमीजास्त करतो, एक भाग पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा या बेताने. एकसारख्या वेगात चालवताना हा कारभार चालू असतो. थ्रॉटल पूर्ण पिळलास की ईसीयू सेन्सरकडे लक्ष देत नाही, स्वतःच्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. तुझ्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा ‘कॅट’, बेंड पाईपच्या पोटात, इंजिनाखाली आहे. त्यामुळे नुसता मागचा सायलेन्सर बदललास, बेंड आणि एअर फिल्टर कंपनीचेच ठेवलेस, तर ईसीयूला हात लावायची गरज पडत नाही. बेंडसकट सगळं बदललं, कॅट उडवला, वर मोकळा फिल्टर लावला, की मग पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, आणि वीस हजाराचं काम निघतं. सेन्सरला फसवणारी एक डबीही विकतात, ‘लाव आणि विसर’ म्हणून. ती लावून आलेल्या गाड्या मी आधी ती काढून मगच बघतो. कॅट काढायच्या भानगडीत पडू नको, 2020 नंतरची बीएस-6 गाडी त्या कॅटच्या जोरावरच बीएस-6 आहे.

ॲव्हरेजचा किस्सा सांगतो, त्यात सगळं येतं. येळ्ळूरचा एक गिऱ्हाईक आला. नुसता मागचा सायलेन्सर बदलला होता, घरीच. पस्तीस देणारी गाडी अठ्ठावीसवर आली, थ्रॉटल सोडला की फाट् फाट् फटाके. सेन्सर बदल म्हणून त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि बिचारा पैसे घेऊन आलाही होता. मी थंड इंजिनावर साबणाचं पाणी मारलं, तर हेडला, म्हणजे सिलिंडरच्या डोक्याला, बेंड जिथे बसतो तिथे बुडबुडे. त्याने हेडचा नट शिवलाही नव्हता! झालं असं, जुना सायलेन्सर बेंडावर गंजून चिकटला होता, आणि त्याने तो दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे पिळून काढला. चार फूट लांबीची तरफ झाली ती. मागे सायलेन्सर सुटला आणि पुढे हेडमधलं पॅकिंग चिरडलं. आता दोन धक्क्यांच्या मध्ये नळीतला दाब उतरतो तेव्हा त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते. ती सेन्सरपुढून जाते, सेन्सरला वाटतं ऑक्सिजन फार आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू पेट्रोल वाढवतो. इंजिन निष्कारण जास्त पितं, प्लग काजळतो, आणि थ्रॉटल सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल त्याच चोरट्या हवेत नळीतच फुटतं. पॅकिंगची एक कडी बदलली, गाडी परत पस्तीसवर. मोकळ्या नळीला थोडी फटफट येतेच, खरं ती बसवल्या दिवसापासून रोज वाढत असेल तर समज, जोड गळतोय. पोरांना ते फटाके आवडतात, ती गोष्ट वेगळी.

म्हणून तू घरी बसवणार असशील तर माझं ऐक. काम सुरू करायच्या आदल्या रात्री क्लॅम्पच्या बोल्टवर आणि जोडावर गंज सोडवायचं तेल फवार. सकाळी परत एकदा. इंजिन थंडगार पाहिजे, नुकतीच चालवलेली गाडी घेऊन बसू नको. हेडचे दोन नट या कामात सोडायचेच नाहीत. माझ्या उमेदवारीत, वस्ताद जेवायला गेलेला, मी एका गाडीचा हेडचा नट गरम असतानाच पान्याला नळी घालून ओढला. स्टड मुळातून तुटला, अर्धा ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये. ड्रिल मारून तो काढण्यात आणि नवे आटे बसवण्यात दोन दिवस गेले. मालक फौजी होता, एक शब्द रागाने बोलला नाही. ‘‘आता सुट्टी संपेपर्यंत ढकलतच न्यायची काय रे?’’ एवढंच म्हणाला. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

सायलेन्सरखाली एखादं जुनं टायर सरकव, म्हणजे मागचा बोल्ट काढल्यावर सगळं वजन बेंडावर लोंबकळणार नाही. क्लॅम्प सैल कर, मागचा बोल्ट सर्वांत शेवटी काढ. आता पिळायचं नाही. जोडाच्या भोवती रबरी हातोड्याने हलक्या हाताने ठोकत फिर आणि सरळ मागे ओढ. येत नसेल तर परत तेल, परत चहा, परत ठोक. तरीही आला नाही तर गाडी गॅरेजात आण. गॅसची ज्योत अर्धा मिनिट दाखवली की बाहेरची नळी फुलते आणि सुटते. घरी ज्योत दाखवू नको, वर पेट्रोलची टाकी आहे.

नवा सायलेन्सर घालायच्या आधी व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लाव. बेंडाच्या शेवटाचा बाहेरचा व्यास आणि सायलेन्सरच्या तोंडाचा आतला व्यास यांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक असेल तर क्लॅम्प दाबून घेतो. दोन मिलिमीटरचा फरक असेल तर क्लॅम्प कितीही आवळलास तरी गळणार. लोक तिथे डब्याचा पत्रा गुंडाळतात, लाल सिलिकॉन फासतात. पत्रा महिन्यात जळतो, आणि सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरला लागली तर तो मरतो. तू तर रोज उद्यमबागेत जातोस! तिथे लेथ काय कमी आहेत? माप देऊन स्टीलचा बुश, म्हणजे फट भरणारी कडी, कातून घे, पातळ उभा काप ठेवायला सांग, म्हणजे क्लॅम्पखाली आवळला जातो. चहाच्या पैशात होणारं काम आहे.

जोडाच्या नळीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढ, नवं पॅकिंग घाल, जुनं परत वापरू नको. मग सगळं नुसतं हाताने बसव. क्लॅम्प सैल, मागचा बोल्ट सैल. आता खरी परीक्षा. मागचा बोल्ट ब्रॅकेटच्या भोकात बोटाने गेला पाहिजे. स्क्रूड्रायव्हर घालून, सायलेन्सर गुडघ्याने रेटून भोक जुळवावं लागत असेल तर सायलेन्सर ताणात बसतोय. तो ताण इंजिनाच्या थरथरीने रोज हेडच्या पॅकिंगवर नाहीतर ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर जातो, आणि अनमोडच्या रस्त्यावर कुठेतरी वेल्डिंग हार मानतं. भोक जुळत नसेल तर भोक लांबट कर, वॉशर घाल, ब्रॅकेट वाकवून घे, काहीही कर, खरं ओढून बसवू नको. ब्रॅकेटमध्ये रबरी बुश असेल तर तो पाहिजेच, कडक झाला असेल तर नवा घाल. आवळायचं पुढून मागे, आधी क्लॅम्प, मग मागचा बोल्ट. किती आवळायचं ते गाडीच्या मॅन्युअलात दिलेलं असतं, टॉर्क पाना नसेल तर शेजारच्या गॅरेजातून पाच मिनिटं मागून आण.

यानंतर लोक गाडी सुरू करतात. तू थांब. मेन स्टँड वर घे आणि वाकून बघ. काही गाड्यांत मेन स्टँड वर आल्यावर ज्या रबराला टेकतो ते रबर कंपनीच्या सायलेन्सरवरच असतं. बाहेरच्या सायलेन्सरला ते नसलं तर स्टँड जास्त वर जातो, पाईपला आपटतो, नाहीतर खड्ड्यात उसळून खडखडतो. मागचा ब्रेक पूर्ण दाबून बघ, पेडल कुठे लागत नाही ना. मागे दोघांना बसवून शॉकअप दाबून बघ. आणि मागच्या चाकाचा ॲक्सल सायलेन्सर न काढता बाहेर येतो का ते आत्ताच बघून ठेव. रामनगरच्या पुढे रात्री पंक्चर झाल्यावर ते कळलं तर काय होतं हे मी एकदा बघितलंय. चौघांनी मोबाईलचे टॉर्च धरले होते आणि पाना एकाकडेही नव्हता.

नळीवरचे बोटांचे तेलकट डाग थिनरने पुसून टाक. राहिले तर पहिल्याच तापात ते कायमचे भाजले जातात आणि क्रोमवर तुझ्या पंजाचा ठसा जन्मभर दिसतो. मग गाडी उघड्यावर सुरू कर. थंड असतानाच, हातमोजा घालून, चिंधीने मागचं तोंड क्षणभर झाक आणि दुसऱ्याला सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारायला सांग. क्लॅम्पला बघ, आणि आठवणीने हेडला बघ. तिथे बुडबुडे आले तर पुढचं काम माझ्यासारख्याकडे आण. पहिल्या पंधरा मिनिटांत थोडा धूर आणि जळका वास येतो, कारखान्यातलं तेल जळतं, घाबरू नको. शंभर किलोमीटर झाले की रात्रभर गाडी थंड होऊ दे आणि सकाळी सगळे बोल्ट परत एकदा बघ. ते सैल सापडतातच.

पावसाचं वेगळं सांगतो, कारण तू खानापूरचा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांब चालवलीस तर ती वाफ बाहेर जाते. घर ते बसस्टँड, बसस्टँड ते घर एवढंच चालवलीस तर सायलेन्सर तापतच नाही आणि ते पाणी आत साचतं. चांगल्या सायलेन्सरला खाली एक बारीक भोक असतं, पाणी गळायला. लोक ‘भोक पडलंय’ म्हणून आणतात आणि वेल्डिंग मारून द्या म्हणतात! ते बंद करू नको. साध्या लोखंडाचा सायलेन्सर आमच्या पावसात आतूनच कुजतो, बाहेर क्रोम चकाकत असतं. स्टेनलेस स्टीलचा घे. दुकानदार चुंबक लावून दाखवेल, चिकटला नाही म्हणजे 304. तेवढ्यावर 304 ठरत नाही, 202 लाही चुंबक चिकटत नाही. आणि चिकटला म्हणजे लगेच लोखंडच असंही नाही. 409 हे स्टेनलेसच, कंपन्या सायलेन्सरला सर्रास वापरतात, आणि त्याला चुंबक चिकटतं. गाडी धुताना प्रेशरचा पाईप तोंडात मारू नको, ग्लासवूल एकदा भिजलं की आठवडाभर वाळत नाही.

राहिले पोलिस. धरतात. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे इकडे कोगनोळी नाका ओलांडून कागलला गेलास किंवा चोर्ला उतरून गोव्यात गेलास म्हणून कायदा बदलत नाही. जागेवर घ्यायचा दंड तेवढा राज्याराज्याचा वेगळा असतो. आवाज-धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम 190(2) लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि पहिल्या गुन्ह्यालाही तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. कलम 52 प्रमाणे नोंदणीच्या कागदात लिहिलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि तशी केली तर दर बदलाला 5,000 चा दंड वेगळा. दुकानदार ‘आयएसओ सर्टिफाइड’ असा स्टिकर दाखवेल. तो स्टिकर कारखान्याच्या कारभाराचा असतो, तुझ्या गाडीच्या आवाजाचा नव्हे. वॉरंटीत इंजिनाचं काही निघालं तर शोरूमवाला आधी सायलेन्सरकडे बोट दाखवणार, तेही धरून चाल. काढून घेतलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून वरून रोडरोलर फिरवतात ते तू बघितलंच असशील. त्या ओळीत कप्प्यांचे जड सायलेन्सर फारसे नसतात, असतात ते आरपार उजेड दिसणारे.

गाडीचा कायदा सोड, रात्री दहा ते सकाळी सहा राहत्या वस्तीत मर्यादा 45 डेसिबलची आहे, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्रात येऊ शकतात. सिव्हिल हॉस्पिटलपुढून तू रोज जात नसशील, खरं जेव्हा जाशील तेव्हा गिअर वरचा ठेव आणि थ्रॉटल अर्ध्याहून कमी. आमच्या शहापुरात गल्ली एवढी अरुंद की माझा शेजारी रात्री पाळीवरून येतो तेव्हा कोपऱ्यावरच गाडी बंद करतो आणि उतारावरून घरंगळत आणतो. त्याच्या गाडीला गोल्डस्टार मीच बसवलाय. गल्लीतल्या एका म्हातारीने मला सांगितलं होतं, ‘‘त्याचा आवाज आला तर तुझ्या दारात येऊन बसीन बघ.’’

एक शेवटचं काम राहतं आणि ते कुणी करत नाही. कंपनीचा काढलेला सायलेन्सर भंगारात देऊ नको, दुकानदार ‘एक्स्चेंज’मध्ये मागेल, त्यालाही देऊ नको. गाडी विकताना, वॉरंटीला नेताना, किंवा तुझं लग्न ठरल्यावर तो परत लागतो. आतलं पाणी उभा करून निथळून घे, बाहेरून इंजिन ऑइलचा हात फिरव, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर आडवा ठेव आणि दोन्ही तोंडांत चिंधीचे बोळे कोंब. उंदीर आणि कुंभारीण माशी दोघांनाही असली नळी फार आवडते. परत बसवताना बोळे काढले का ते दोनदा बघ. मागच्या वर्षी एकाची गाडी सुरूच होईना म्हणून मी प्लग बदलला, कॉइल तपासली, पंप तपासला, आणि तासाभराने मागच्या तोंडातून त्याच्या वडिलांचं अर्धं धोतर निघालं.